धुराड्यापासून बिलापर्यंत

डहाणूच्या औष्णिक वीज केंद्रात २५० मेगावॉटचे दोनच संच आहेत. देशाच्या वीजनिर्मितीत ही क्षमता किरकोळ; एकटं चंद्रपूरचं केंद्र तिच्या जवळजवळ सहापट भरतं. तरीही आपले पर्यावरणाचे आणि ऊर्जेचे कायदे चालतात कसे, हे ज्याला एकाच ठिकाणी पाहायचं आहे त्याला मी डहाणूलाच पाठवीन. केंद्रीय मंत्रालय, राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, सर्वोच्च न्यायालय, न्यायालयाच्या आदेशामुळे नेमलेलं खास प्राधिकरण आणि राज्य वीज नियामक आयोग, एवढ्या सगळ्यांचे शिक्के या एका केंद्राच्या फायलींवर आहेत. आणि इतके शिक्के असूनही त्याच्या धुरातलं गंधक कमी करणारं यंत्र बसायला मंजुरीपासून अठरा वर्षं लागली.

ती अठरा वर्षं कुठे जातात, हा या पुस्तकाचा विषय आहे. कायद्यांची पुस्तकं सहसा कलमांच्या क्रमाने लिहिली जातात आणि वकिलांच्या कपाटात राहतात. इथे कायदा त्याच्या फिरतीच्या वाटेने दिसतो: विधिमंडळातून मंत्रालयात, मंत्रालयातून मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात, तिथून कारखान्याच्या दारात आणि शेवटी घरगुती बिलाच्या एखाद्या ओळीत. प्रस्तावनेत ही वाट ठळक करून दाखवणं एवढंच माझं काम. त्यासाठी आधी डहाणूची हकिगत थोडी सविस्तर सांगतो.

चिकूच्या बागा, वारल्यांचे पाडे आणि मासेमारीवर जगणारी किनाऱ्याची गावं, असा हा तालुका. मुंबईच्या उपनगरांना वीज देण्यासाठी इथे कोळशाचं केंद्र उभारायला १९८९ साली केंद्र सरकारने पर्यावरणीय मंजुरी दिली. रहिवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली प्रकल्प थांबवायला नकार दिला. त्याच वर्षी २० जूनला केंद्र सरकारने अधिसूचना काढून सबंध डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांच्या जागेवर ५०० एकरांची कमाल मर्यादा घातली. म्हणजे एकाच मंत्रालयाने दोन वर्षांच्या अंतराने तालुक्यात धुराडं उभारायला परवानगी दिली आणि तालुका जपायचंही ठरवलं. याला कुणी विसंगती म्हणेल. मला ती आपल्या व्यवस्थेची नेहमीची चाल वाटते: परवानगी आधी मिळते, संरक्षण मागून येतं आणि दोन्हींचा मेळ घालण्याचं काम न्यायालयावर पडतं.

तसंच झालं. अधिसूचनेची अंमलबजावणी होत नाही म्हणून प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३१ ऑक्टोबर १९९६च्या आदेशानंतर डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. या प्राधिकरणाने १९९९ साली वीज केंद्राला धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा बसवायला सांगितलं. वीजवाले तिला ‘एफजीडी’ म्हणतात. कोळशात गंधक असतंच. ते जळलं की सल्फर डायऑक्साइड होतो आणि हवेत गेल्यावर त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. एफजीडीत हा धूर चुनखडीच्या पातळ लगद्यातून किंवा समुद्राच्या पाण्यातून जाऊ देतात. डहाणूला समुद्र हाताशी होता, म्हणून तिथे समुद्राचं पाणी वापरणारी यंत्रणा आली. ती चालू झाली २००७ साली. आदेश आणि यंत्र यांच्यामध्ये आठ वर्षं गेली, तीही पूर्ण वेळ याच एका तालुक्याकडे पाहणारं, निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष असलेलं प्राधिकरण मागे लागलेलं असताना. जिथे असं कुणी मागे लागत नाही तिथे काय होत असेल, याचा अंदाज वाचकाने करावा.

अंदाज करायचीही गरज नाही म्हणा, नोंद उपलब्ध आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने देशातल्या सगळ्या औष्णिक केंद्रांसाठी नवी मानकं काढली. जुन्या आणि ५०० मेगावॉटपेक्षा लहान संचाला सल्फर डायऑक्साइडची मर्यादा एका घनमीटर धुरात ६०० मिलिग्रॅम, मोठ्या संचाला २००, आणि २०१७ पासून उभ्या राहणाऱ्यांना १००. मुदत दोन वर्षांची होती. ती संपत आली तेव्हा २०२२ पर्यंत वाढली. २०२१ मध्ये केंद्रांचे तीन वर्ग पाडून प्रत्येकाला वेगळी तारीख मिळाली. २०२२ मध्ये तारखा पुढे गेल्या, २०२४च्या डिसेंबरात आणखी तीन वर्षांनी पुढे गेल्या. आणि जुलै २०२५ मध्ये तिसऱ्या वर्गाला, म्हणजे दहा लाखांवर वस्तीच्या किंवा फार प्रदूषित शहरांपासून लांब असलेल्या बहुसंख्य केंद्रांना, धुराड्याच्या उंचीचा निकष पाळण्याच्या अटीवर सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून मोकळं करण्यात आलं. भारतीय कोळशात गंधक कमी आहे आणि हवेतलं सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण बहुतेक ठिकाणी मर्यादेतच आहे, असं सरकारचं म्हणणं. धुराड्यातून निघालेला वायू वायूच राहत नाही, शेकडो किलोमीटर लांब जाऊन कण होतो, असं विरोधकांचं. मला विरोधकांचा मुद्दा अधिक सयुक्तिक वाटतो, कारण उंच धुराडं धूर पातळ करतं, कमी करत नाही. पण इथे सांगायची गोष्ट वेगळी आहे. या दहा वर्षांत या मर्यादांसाठी संसदेने कायद्यात एका शब्दाचाही बदल केला नाही. जे झालं ते सगळं अधिसूचनांनी झालं.

पर्यावरणाच्या कायद्यांत प्रवेश करणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यावं. १९८६चा पर्यावरण (संरक्षण) कायदा भोपाळच्या वायुकांडानंतर आला. तो वाचायला अर्धा तास पुरतो. त्यात नदीचं नाव नाही, किनारा नाही, कचरा नाही. कलम ३ केंद्र सरकारला पर्यावरण जपण्यासाठी आवश्यक ते सगळे उपाय करायचा अधिकार देतं आणि कलम ५ कुठलाही उद्योग बंद करण्याचे, त्याची वीज-पाणी तोडण्याचे आदेश द्यायचा अधिकार देतं. किनारपट्टी नियमन क्षेत्र, पर्यावरणीय आघात मूल्यांकन, घातक कचरा, फ्लाय ॲश, डहाणूची अधिसूचना आणि तिथलं प्राधिकरणसुद्धा, हे सगळं या एका छोट्या कायद्याच्या पोटातून निघालं आहे. पोट मोठं ठेवण्यात सोय होती. तज्ज्ञांनी आकडे ठरवावेत, ते बदलता यावेत, प्रत्येक वेळी संसदेत जावं लागू नये. पण जो दरवाजा आकडे कडक करायला सहज उघडतो तो सैल करायलाही तितक्याच सहज उघडतो. मसुदा प्रसिद्ध होतो, सामान्यतः साठ दिवस हरकतींना मिळतात, आणि ज्याने राजपत्र पाहिलं नाही त्याचे ते साठ दिवस गेले.

याच्याही खालचा एक कागद असतो, कार्यालयीन ज्ञापन. मंत्रालयातला अधिकारी ते सही करून काढतो. मसुदा नाही, हरकती नाहीत. पूर्वपरवानगी न घेता सुरू झालेल्या प्रकल्पांना मागाहून पर्यावरणीय मंजुरी देण्याची कार्यपद्धती २०२१ साली अशाच ज्ञापनाने ठरवली गेली. मुंबईच्या ‘वनशक्ती’ या संस्थेने त्याला आव्हान दिलं. १६ मे २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने ते ज्ञापन आणि त्याआधीची २०१७ची अधिसूचना रद्द केली. मागाहून मंजुरी ही कल्पनाच पर्यावरण कायद्याच्या विरुद्ध आहे, असा निकाल होता. सहा महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला. विरोधातलं मत न्या. भुयान यांचं. पूर्वपरवानगी ‘पूर्व’ असावी की नाही, यावर देशाचं सर्वोच्च न्यायालय एका वर्षात दोनदा दोन बाजूंना उभं राहिलं, तेव्हा प्रदूषण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याने काय समजायचं?

त्या अधिकाऱ्याकडे वळू. पाण्याचा विषय घटनेने राज्यांकडे दिला आहे, म्हणून १९७४चा जल प्रदूषणाचा कायदा संसदेने कलम २५२खाली, राज्यांच्या ठरावांच्या आधाराने केला. महाराष्ट्र त्याच्याही आधी होता. आपला जल प्रदूषण प्रतिबंध कायदा १९६९चा आणि मंडळ १९७० सालचं. त्यामुळे केंद्राचा कायदा स्वीकारायला आपण १९८१ पर्यंत वेळ घेतला. १९७२ साली स्टॉकहोमला मानवी पर्यावरणाची जागतिक परिषद झाली होती. तिच्यातल्या निर्णयांचा आधार घेऊन हवेचा कायदा १९८१ साली कलम २५३खाली आला, तिथे राज्यांना विचारावं लागलं नाही. हा तपशील रुक्ष वाटेल, पण मंडळं राज्यांची आणि धोरण केंद्राचं ही आजची ओढाताण इथूनच सुरू होते. मंडळाचा अध्यक्ष राज्य सरकार नेमतं, काढतंही तेच; आणि ज्यांना नोटीस द्यायची त्यांत राज्याच्याच नगरपालिका आणि महामंडळं सर्वांत पुढे असतात. नेमणुकांत पर्यावरणाच्या जाणकारांऐवजी भलतीच माणसं बसतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली नोंदवलं आणि राज्यांना नियम करायला सांगितले.

मंडळाचं रोजचं काम संमतीपत्राचं. उद्योगजगतात त्याला सगळे ‘कन्सेंट’च म्हणतात. कारखाना उभारण्याआधी एक, चालवण्यासाठी दुसरं, आणि ठरावीक मुदतीने नूतनीकरण. उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवे आणि २०१६ पासून पांढरे असे वर्ग आहेत. लाल म्हणजे प्रदूषणाचा धोका मोठा, तपासणी जास्त वेळा. जल कायद्यात एक बारीक मेख आहे: अर्जावर चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती मिळाली असं धरलं जातं. म्हणजे मंडळात माणसं कमी असण्याची किंमत कारखान्याला मोजावी लागत नाही, नदीला लागते.

आणि नमुना. सबंध जल कायद्याचा जीव एका बाटलीत आहे असं म्हटलं तरी चालेल. कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना घेताना कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींवर खुणा, सील, सह्या; एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेला, आणि कारखानदाराने मागणी केली तर दुसरा राज्याने ठरवून दिलेल्या वेगळ्या प्रयोगशाळेला. यातली एक पायरी चुकली की तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. मध्यरात्री नाल्यात पाणी सुटतं, गावकरी फोन करतात, अधिकारी पहाटे पोचतो, तोवर नाल्याचा रंग बदललेला असतो. आणि समजा नमुना मिळाला, तरी सही करायला कारखान्यातलं कुणी पुढे येत नाही. त्यासाठीही कायद्यात तरतूद आहे, पण ती पाळायला शांत डोकं आणि सोबत दुसरा माणूस लागतो. मंडळांचे फौजदारी खटले का टिकत नाहीत याची चर्चा करताना लोक लगेच भ्रष्टाचाराचं नाव घेतात. तो नाही असं कोण म्हणेल? पण पुष्कळ खटले बाटलीवरच्या सीलपाशी पडतात.

म्हणून १९८८च्या दुरुस्तीने मंडळाला कलम ३३-अ मिळालं. न्यायालयात न जाता कारखाना बंद करायचा, वीज-पाणी तोडायचा आदेश. हे हत्यार इतकं धारदार आहे की ते वापरायला मंडळ कचरतं आणि कारखानदार त्याला मनापासून भितो. त्यामुळे व्यवहारात मधला मार्ग रूढ झाला: कारणे दाखवा नोटीस, मग प्रस्तावित निर्देश, मग बँक हमी, हमी जप्त करण्याची धमकी. पैशांची भरपाई मंडळाला थेट मागता येते की नाही हा वाद बरीच वर्षं चालला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागता येते, मात्र त्यासाठी नियम करून रीतसर पद्धत ठरवायला हवी, असं स्पष्ट केलं.

प्रकल्प उभा राहण्याआधीची पायरी म्हणजे १४ सप्टेंबर २००६ची आघात मूल्यांकनाची अधिसूचना. मोठे प्रकल्प दिल्लीच्या समितीपुढे, तुलनेने लहान राज्याच्या प्राधिकरणापुढे. अहवाल तयार करणारा सल्लागार नेमतो प्रकल्पाचा मालक, त्याचे पैसेही देतो तोच. या एका वाक्यात या प्रक्रियेचं जवळजवळ सगळं दुखणं आलं. त्यावर उतारा म्हणून ठेवली आहे जनसुनावणी. तीस दिवस आधी जाहिरात, अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष, प्रदूषण मंडळाचे अधिकारी यजमान, आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवणं. इथे मतदान होत नाही. गावाने एकमुखाने नाही म्हटलं तरी प्रकल्प रद्द होत नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे गावं घोषणा देऊन, सभा उधळून परततात. सुनावणीत जिंकायचं नसतं, नोंदवायचं असतं. विहिरींची संख्या अहवालात चुकली आहे, मच्छीमारांची गणना केलेली नाही, खाडीचा अभ्यास फक्त एका ऋतूचा आहे: इतिवृत्तात असे मुद्दे आले आणि मंजुरीत त्यांना उत्तर मिळालं नाही, तर पुढे हरित न्यायाधिकरणात त्यांनाच वजन येतं.

२०२० साली या अधिसूचनेचा नवा मसुदा निघाला तो इंग्रजी आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत आणायला सांगितलं, आणि केंद्र सरकारने त्या आदेशाला विरोध केला. हरकती मागवायच्या आणि कशाला हरकत घ्यायची ते मात्र कळू द्यायचं नाही, ही वृत्ती कुठल्या एका सरकारची नाही. किनारपट्टीचे नकाशे, वीजदराचे अर्ज, मंजुरीची पत्रं यांचा अनुभवही फार वेगळा नसतो. मराठीतून असं पुस्तक निघण्याची निकड मला इथे जाणवते.

आता वीज. ऊर्जेचे कायदे पर्यावरणाच्या कायद्यांपेक्षा जुने आहेत, पण त्यांतला नियामक नवा आहे. १९१०चा कायदा, मग १९४८चा, ज्याने राज्य वीज मंडळांना जन्म दिला; दर मंडळ ठरवी, म्हणजे मंत्री ठरवी. महाराष्ट्रात ही व्यवस्था कशी कोसळली ते एका शब्दात सांगता येतं: एन्रॉन. १९९२ साली या अमेरिकी कंपनीशी दाभोळच्या वीज प्रकल्पाचा सामंजस्य करार, पुढच्या वर्षी वीजखरेदीचा करार, १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द करणं, लगेच नव्या अटींवर पुन्हा करणं, १९९९ मध्ये दाभोळची वीज सुरू होणं आणि मे २००१ मध्ये ती परवडत नाही म्हणून मंडळाने खरेदी बंद करणं. हे सगळं महाराष्ट्राने वर्तमानपत्रांत रोज वाचलं. पण करारातला भाव कसा बसवला आहे हे आकडेमोड करून दाखवणारी माणसं थोडी होती, आणि त्यांत पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेचे गिरीश संत आणि त्यांचे सहकारी होते. या प्रकल्पाची तपासणी करणाऱ्या माधव गोडबोले समितीचा अहवाल २००१चा, म्हणजे घर जळून गेल्यानंतरचा. माझ्या मते एन्रॉनचा खरा धडा दराच्या आकड्याचा नव्हता. वीस वर्षांचं देणं ज्यांच्या माथी मारलं जाणार होतं, त्यांना करार पाहायची कायदेशीर जागाच कुठे नव्हती, हा होता.

ती जागा १९९८च्या केंद्रीय कायद्याने तयार झाली. महाराष्ट्र वीज नियामक आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला. २००३च्या वीज कायद्याने त्याला आजचं रूप दिलं आणि त्याच कायद्यामुळे जून २००५ मध्ये जुन्या मंडळाचं विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या कंपन्या झाल्या. आयोग दर ठरवतो, वीजखरेदीचे करार मंजूर करतो, अपारंपरिक वीज किती घ्यायची ते बंधनकारक करतो. कलम ६४ प्रमाणे दराचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो, सूचना-हरकती ऐकाव्या लागतात आणि १२० दिवसांत कारणांसह आदेश द्यावा लागतो. कलम ९४ आयोगाला ग्राहकांच्या वतीने बोलणारे प्रतिनिधी अधिकृत करू देतं. ‘प्रयास’, मुंबई ग्राहक पंचायत, ठाणे-बेलापूर आणि विदर्भातल्या उद्योजकांच्या संघटना यांनी ही भूमिका वर्षानुवर्षं निभावली आहे. प्रदूषण मंडळाच्या बंद दारांशी तुलना केली तर आयोगाची कार्यपद्धती पुष्कळ उघडी आहे. मंडळाला संमती देण्याची कारणं सांगावी लागत नाहीत, आयोगाला एका पैशाच्या वाढीचंही कारण लिहावं लागतं.

उघडी आहे म्हणजे निर्दोष आहे असं नाही. २८ मार्च २०२५ रोजी आयोगाने महावितरणचे दर कमी करणारा आदेश दिला, २ एप्रिलला महावितरणच्या अर्जावरून त्याला स्थगिती दिली आणि २५ जूनला फेरविचार करून तो बराचसा बदलला. पहिल्या आदेशाआधी जाहीर सुनावण्या झाल्या होत्या. फेरविचारात आपल्याला ऐकलं नाही, असं म्हणत ग्राहक उच्च न्यायालयात गेले. शिवाय सरकारकडेही दोन दोऱ्या आहेतच: लोकहिताच्या धोरणाबाबत कलम १०७ खाली केंद्र सरकार केंद्रीय आयोगाला आणि १०८ खाली राज्य सरकार राज्याच्या आयोगाला निर्देश देऊ शकतं. शेतीपंपाला सवलत द्यायची तर सरकारने ती खुशाल द्यावी, पण कलम ६५ म्हणतं की रक्कम आगाऊ भरावी. या ‘आगाऊ’चा इतिहास ज्याला पाहायचा असेल त्याने महावितरणच्या थकबाकीचे तक्ते उघडावेत.

दोन व्यवस्था इथे एकमेकींना भेटतात. २०१५ची मानकं पर्यावरण मंत्रालयाने काढली. यंत्रणेचे पैसे कुठून येणार हे त्यात नव्हतं, ते त्या मंत्रालयाचं कामच नव्हतं. वीजखरेदीच्या करारांत ‘कायद्यातील बदल’ असं एक कलम असतं: करार झाल्यानंतर नव्या कायद्याने खर्च वाढला तर तो खरेदीदाराकडून वसूल करता येतो. नवी मानकं हा असा बदल आहे का? कंपन्या म्हणाल्या आहे, वितरण कंपन्या कुरकुरल्या, आयोगांपुढे अर्ज पडले, अपिलं झाली. शेवटी मे २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने कलम १०७ खाली केंद्रीय आयोगाला निर्देश दिले की हा बदल मानावा. तोवर २०१७ची पहिली मुदत निघून गेली होती. एका मंत्रालयाने तारीख दिली आणि दुसऱ्याने पैशाची वाट ती तारीख उलटल्यावर दाखवली. मुदतवाढींना केवळ कारखानदारांचं दडपण कारणीभूत होतं असं समजणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा.

आयोगाने खर्च मान्य केला की तो बिलात येतो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क: आपल्या बिलावर या ओळी असतात. यंत्रणेची किंमत वीजखरेदीच्या खर्चात मिसळून यांपैकी एखादीत शिरते, स्वतंत्र ओळ तिला मिळत नाही. डहाणूत यंत्रणा बसली तर चिकूची बाग आणि वारल्याचा पाडा सुटतो, पैसे मोजतो अंधेरी-बोरिवलीचा ग्राहक. नाही बसली तर ग्राहकाचे पैसे वाचतात, आणि पाड्यावरच्या खोकल्याचं बिल कुठल्याच आयोगापुढे येत नाही. ज्या सुनावणीत दर ठरतो तिथे धुराचा विषय निघाला तर तो मंडळाचा म्हणून बाजूला पडतो. मंडळात दराचा विषय निघाला तर तो आयोगाचा. आपली नियामक व्यवस्था इथे दोन खोल्यांत विभागली आहे, आणि मधल्या भिंतीला दार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अपिलांची घरंही वेगळीच. वीज आयोगाच्या आदेशावर दिल्लीचं विद्युत अपिलीय न्यायाधिकरण, तिथून सर्वोच्च न्यायालय. पर्यावरणासाठी २०१०चं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, ज्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. मंजुरीला आव्हान द्यायचं तर तीस दिवस, फार तर आणखी साठ. इतर वादांना सहा महिने. या मुदतींनी जेवढी चांगली प्रकरणं मारली आहेत तेवढी विरुद्ध पक्षाच्या वकिलांनीही मारली नसतील. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद या न्यायाधिकरणात गेली आणि एका औद्योगिक वसाहतीच्या नावाने नव्हे तर एकेका कारखान्याच्या वाट्याने जबाबदारी मोजण्याचा विषय तिने पुढे आणला. वन्यजीव संरक्षण कायदा मात्र या न्यायाधिकरणाच्या यादीत नाही; वाघाच्या प्रश्नाला दुसरीकडे जावं लागतं.

डहाणूच्या प्राधिकरणाने आणखी काय केलं हेही सांगायला हवं, नाहीतर त्याचं चित्र फारच उजळ होईल. १९९८ साली त्याने डहाणू तालुक्यातल्याच वाढवणच्या बंदराला नकार दिला. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने, अध्यक्ष बदललेले असताना, वाढवणच्याच नव्या प्रस्तावाला अटींसह ना-हरकत दिली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. मधल्या काळात अधिसूचना तीच होती. बंदरांकडे पाहायची सरकारी वर्गवारी मात्र २०२० साली बदलली होती, अर्थात संसदेत न जाता.

या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मी मुद्दाम दोनदा वाचलं. २०२३च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण कायद्यातली कैदेची मुख्य तरतूद काढली आणि तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला. १ एप्रिल २०२४ पासून तो लागू आहे. जल कायद्यातही २०२४च्या दुरुस्तीने तेच केलं. दंड न्यायालय लावत नाही, सहसचिव किंवा राज्याचा सचिव यांच्या दर्जाचा निर्णय अधिकारी लावतो. कैदेची शिक्षा प्रत्यक्षात फारशी कुणाला झाली नव्हती, त्यामुळे ती गेल्याचं दुःख मला होत नाही. पण पंधरा लाख ही मोठ्या रासायनिक कारखान्याच्या दृष्टीने शिक्षा आहे की खर्चाची एक बाब, हे त्या अधिकाऱ्याच्या पहिल्या काही आदेशांवरून ठरेल; आणि एफजीडीच्या किमतीशी ही रक्कम ताडून पाहायला कुणाला गणिती असावं लागत नाही. तक्रार कुठल्या नमुन्यात करायची, कुणाकडे द्यायची, सोबत काय जोडायचं हे लेखकाने त्या प्रकरणात क्रमाने दिलं आहे. वाचकाने सुरुवात तिथून केली आणि कलमांकडे नंतर वळला, तरी पुस्तकाचं काही बिघडणार नाही.